ऐच्छिक सौंदर्यशस्त्रक्रिया आणि मधुमेह : चौक परिसरातील रुग्णांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मुंबई-पुणे जुन्या महामार्गाने पनवेल सोडले की सुमारे वीस किलोमीटरवर चौक हे गाव लागते. खालापूर तालुक्यातील हे गाव इर्शाळगड आणि मोरबे धरण यांच्या सान्निध्यात वसले असून कर्जतकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईस जाते आणि चौकचा रुग्णही मोठ्या उपचारासाठी त्याच दिशेने जातो. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. तेथे बाळंतपण होते, ताप-खोकला तपासला जातो, रक्तातील साखर मोजली जाते. परंतु नाकाचा आकार बदलणे, पोटावरील चरबी काढणे, डोक्यावर केस रोवणे, पापण्यांची सैल कातडी कमी करणे यांसारख्या शस्त्रक्रिया पनवेल, नवी मुंबई अथवा मुंबई येथे होतात आणि त्यांच्या जाहिराती भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून वाडीवस्तीपर्यंत पोचल्या आहेत.

ज्या शस्त्रक्रियेवाचून जिवास धोका नाही व जी रुग्ण स्वतःच्या इच्छेने करवून घेतो, तीस ऐच्छिक शस्त्रक्रिया म्हणतात. अशी इच्छा बाळगणे हा हौसेचा अतिरेक आहे, असे मानण्याची प्रथा आपल्याकडे आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. फाटलेल्या कानामुळे लग्नकार्यात पदराआड बसणारी स्त्री आणि टक्कल पडल्यामुळे तीन ठिकाणी नकार ऐकलेला तरुण यांची व्यथा खोटी नसते. प्रश्न निराळाच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष व्यक्ती मधुमेही असून १३ कोटी ६० लक्ष व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या रुग्णांत मधुमेह, रक्तदाब, थायरॉईडचे विकार, हृदयविकार यांपैकी काहीतरी असणे ही आता अपवादात्मक बाब राहिलेली नाही.

मधुमेह हे अशी शस्त्रक्रिया नाकारण्याचे सरसकट कारण नव्हे. ती पुढे ढकलण्याचे कारण मात्र तो अनेकदा असतो. आंत्रपुच्छ फुटले तर शल्यचिकित्सकास रक्तशर्करा नियंत्रणात येण्याची वाट पाहता येत नाही. नाक सुबक करण्यासाठी ती खुशाल पाहता येते. ऐच्छिक शस्त्रक्रियेचे हेच सर्वांत मोठे बलस्थान होय, आणि व्यवहारात नेमके तेच आपण हातचे घालवितो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका

या विषयाचा इतिहास महाराष्ट्रास परका नाही. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्यानजीक झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त पत्ररूपाने छापला गेला. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यास नवे नाक बसवून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्याचा नमुना घ्यावयाचा, तो कपाळावर पसरून तेवढ्या आकाराची कातडी सोडवावयाची, भुवयांच्या मधोमध एक पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची आणि ती कातडी पिळून खाली आणून जागेवर बसवावयाची, अशी ती रीत होती. चिकटविण्यासाठी कातात भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्या वापरल्या जात व चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडविलेले कापड ठेवले जाई. हा वृत्तान्त वाचूनच जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने सराव केला आणि १८१४ मध्ये लंडन येथे तशी शस्त्रक्रिया केली.

या वृत्तान्तातील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. कपाळाशी जोडलेली कातडीची ती पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापली जाई. नव्या जागी रक्ताचा पुरवठा रुजेपर्यंत जुना पुरवठा तोडावयाचा नाही, हे त्या कारागिरास पक्के ठाऊक होते. रक्तवाहिन्यांचे शास्त्र त्याने ग्रंथातून शिकलेले नसावे. पण घाई केली तर कातडी काळी पडते, हे परंपरेने त्याच्यापर्यंत आलेले होते.

सुश्रुतसंहितेत तर हे दोन्ही विषय एकाच ग्रंथात भेटतात. सूत्रस्थानात फाटलेल्या कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत व गालाची कातडी घेऊन नाक घडविण्याची कृतीही दिली आहे. त्याच सूत्रस्थानात पुढे कोणाचे व्रण सहज भरतात व कोणाचे कष्टाने, याची चर्चा आहे. आणि कष्टाने भरणाऱ्यांच्या यादीत कुष्ठी, विषबाधित व शोषी यांच्या जोडीला मधुमेहीही आहे. प्रमेहात उठणाऱ्या पिडकांच्या चिकित्सेस स्वतंत्र अध्याय दिला आहे, तो वेगळाच. कान-नाक घडविणारा हा ग्रंथकार हाती शस्त्र घेण्यापूर्वी रोग्याची प्रकृती पाहत होता, हे यावरून स्पष्ट व्हावे. सुश्रुताचा अभिमान बाळगणाऱ्या आजच्या जाहिरातींत त्याचे नाक दिसते. त्याची यादी दिसत नाही.

जखम उशिरा का भरते

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे शरीरात काय घडते, हे समजून घेतल्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही. जंतूंना गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. साखर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या पुढे राहू लागली की हा परिणाम ठळक होतो. केसाहून बारीक असलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात व जखमेच्या कडेपर्यंत प्राणवायू पुरेसा पोचत नाही. नव्या कातडीचा सांगाडा ज्या तंतूंनी विणला जातो ते कोलॅजेनचे तंतू कमकुवत व ताठर बनतात. शिवाय ज्ञानतंतू बधिर झाल्यामुळे जखम चिघळत असतानाही पुरेशी वेदना होत नाही. दुखत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, हा निरोगी माणसाचा आडाखा मधुमेहीस फसवितो. हृदयासही तो फसवितो; मधुमेहात छातीत कळ न येताच हृदयविकार वाढू शकतो. म्हणून शस्त्रक्रिया कितीही वरवरची वाटली तरी भूल देण्यापूर्वी हृदयालेख काढण्याचा आग्रह धरला जातो.

सौंदर्यशस्त्रक्रियांत आणखी एक अडचण असते. पोटावरील सैल कातडी कमी करताना अथवा चेहऱ्याची कातडी ताणून बसविताना ती खालच्या थरापासून मोठ्या क्षेत्रावर सुटी केली जाते. तिच्या कडांना दूरवरून येणाऱ्या रक्तावर जगावे लागते. म्हणजे कावसजीच्या कपाळावरील पट्टीचीच स्थिती. अशा वेळी मधुमेहाने अगोदरच अरुंद केलेल्या वाहिन्या तंबाखूतील निकोटिनने आणखी आकुंचन पावल्या तर कातडीची कड काळी पडून गळून जाते आणि जेथे सौंदर्य हवे होते तेथे व्रण उरतो.

येथे स्थानिक परिस्थितीचा उल्लेख अगत्याचा आहे. धूम्रपान करता का, या छापील प्रश्नास आपल्याकडील बहुतेक स्त्रिया नाही असे उत्तर देतात व ते खरेही असते. परंतु सकाळी दातांना मिश्री लावण्याची सवय कोकणातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. तिच्यातील निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते. "मावशी, मिश्री लावता का?" असा प्रश्न विचारला तरच खरी माहिती हाती येते. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे व नंतर जखम भरेपर्यंत तंबाखू कोणत्याही रूपात वर्ज्य करावी लागते.

कानाची पाळी आणि पोटाचा घेर

सौंदर्यशस्त्रक्रिया हा एकच शब्द वापरल्यामुळे बराच घोटाळा होतो. जड कर्णभूषणांनी ओघळून फाटलेली कानाची पाळी शिवणे ही ग्रामीण भागातील कदाचित सर्वांत परिचित सौंदर्यशस्त्रक्रिया असावी. तेवढ्याच जागेपुरती भूल देऊन ती अर्ध्या-पाऊण तासात होते, रक्तस्राव नगण्य असतो व रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी जातो. साखर बऱ्यापैकी नियंत्रणात असलेल्या मधुमेही स्त्रीस ती नाकारण्याचे कारण नाही. तिला सांगावयाचे ते एवढेच की आपल्या वर्णाच्या लोकांत कानाच्या पाळीवर व्रणाची गाठ वाढण्याची प्रवृत्ती अधिक असते. पूर्वी अशी गाठ आली असल्यास ती दाखवावी. तसेच नवे भोक शिवणीच्या जागेवर न पाडता शेजारी व दोन-तीन महिन्यांनी पाडावे.

याच्या दुसऱ्या टोकास पोटाची शस्त्रक्रिया उभी आहे. तिच्यात पूर्ण भूल, तीन-चार तासांचा अवधी, मोठी जखम, पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती हे सर्व आले. यांपैकी चरबीशोषण, म्हणजे लायपोसक्शन, याविषयी एक गैरसमज विशेष प्रचलित आहे. पोटावरची चरबी काढली की साखरही उतरेल, अशी अनेकांची समजूत असते. वरवर पाहता ती तर्कशुद्ध वाटते. पोट सुटणे व मधुमेह यांचा संबंध डॉक्टरच तर सांगत असतात. या समजुतीची परीक्षा अमेरिकेत झालेली आहे. २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १५ स्थूल स्त्रियांच्या शरीरातून प्रत्येकी सुमारे ९ ते १० किलो चरबी शोषून काढण्यात आली. त्यांपैकी सात मधुमेही होत्या. दहा ते बारा आठवड्यांनी तपासले असता रक्तदाब, रक्तशर्करा, मेदद्रव्ये वा इन्सुलिनचा प्रभाव यांत सुधारणा आढळली नाही.

कारण उघड आहे. शोषून काढली जाते ती कातडीखालची चरबी. यकृताभोवती व आतड्यांभोवती साठलेली, चयापचय बिघडविणारी चरबी नळीच्या आवाक्यात येतच नाही. भारतीयांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांची ठेवण दिसावयास सडपातळ पण आतून मेदयुक्त असते, हे अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. चरबीशोषण हा आकाराचा उपचार आहे, आजाराचा नव्हे, हे रुग्णास स्पष्ट सांगितले पाहिजे. स्थूलतेसाठी जठरावर वा आतड्यांवर केली जाणारी शस्त्रक्रिया हा सर्वस्वी वेगळा विषय असून तिने मधुमेहात खरोखर सुधारणा होऊ शकते. दोहोंची नावे एकाच जाहिरातीत शेजारी आल्याने फसगत होते.

तारीख कशी ठरवावी

मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दर्शविणारी एचबीएवनसी ही चाचणी येथे मार्गदर्शक ठरते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या अलीकडील मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऐच्छिक शस्त्रक्रियेपूर्वी हे प्रमाण शक्य तेथे ८ टक्क्यांच्या खाली असावे. ब्रिटनमधील मर्यादा साधारण साडेआठ टक्के आहे. शस्त्रक्रियेच्या काळात प्रत्यक्ष रक्तशर्करा १०० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राखली जाते. परंतु या चाचणीवर डोळे मिटून विसंबता येत नाही. ती तांबड्या पेशींवर चढलेली साखर मोजते आणि लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या पांडुरोगात तिचा आकडा खोटा वाढू शकतो, तर तांबड्या पेशी लवकर नष्ट होणाऱ्या विकारांत तो खोटा उतरतो. ग्रामीण स्त्रियांतील रक्तक्षयाचे प्रमाण पाहता हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय या आकड्याचा अर्थ लावू नये. उपाशीपोटी व जेवणानंतर मोजलेल्या साखरेची दोन आठवड्यांची वही सोबत असेल तर अधिक बरे.

समजा, चौकमधील एखाद्या पन्नाशीच्या स्त्रीस मुलीच्या वैशाखातील लग्नापूर्वी कान शिवून घ्यावयाचे आहेत आणि तिचे एचबीएवनसी साडेनऊ आहे. वैशाखात कानात कुड्या घालावयाच्या तर नवे भोक चैत्रअखेर पाडावे लागेल. म्हणजे शिवण माघात व्हावी. आणि माघात साखर आठच्या आत यावयाची तर औषधांत फेरबदल कार्तिकात, दिवाळीचा फराळ संपताच, सुरू झाले पाहिजेत. पंचांगाची ही उलटी मोजणी घरच्या घरी करता येण्याजोगी आहे. प्रत्यक्षात मात्र लग्नाची तिथी ठरल्यावर, पत्रिका छापल्यावर कानाची आठवण होते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आणखी एक स्थानिक पथ्य आहे. कर्जत-खालापूर हा भातशेतीचा व मुसळधार पावसाचा प्रदेश. लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहावे लागणार असेल अथवा ओल्या कपड्यांत दिवस काढावा लागणार असेल तर पोटावरील ताजी शिवण घेऊन आषाढात प्रवेश करणे शहाणपणाचे नाही.

औषधांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या आता स्वस्त झाल्याने गावोगावी दिल्या जातात. त्या चालू ठेवून उपाशीपोटी शस्त्रक्रिया केल्यास रक्त आम्लधर्मी होण्याचा प्राणघातक प्रकार घडू शकतो आणि साखरेचा आकडा मात्र जवळजवळ सर्वसाधारण दिसतो. त्यामुळे निदान चुकते. म्हणून या गोळ्या किमान तीन दिवस अगोदर थांबवितात. मेटफॉर्मिन शस्त्रक्रियेच्या दिवशी व ग्लिमेपिराइडसारखी औषधे त्या सकाळी घेतली जात नाहीत. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन मात्र पूर्णपणे बंद करावयाचे नसते, त्याची मात्रा थोडी कमी केली जाते. सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड ही आठवड्याची सुई असलेली नवी औषधे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकते व भुलेत ते फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. वजन झपाट्याने उतरून चेहऱ्याची व पोटाची कातडी सैल पडली, म्हणूनच सौंदर्यशस्त्रक्रियेकडे वळणारा एक नवा वर्ग तयार होत आहे. त्याने ही सुई भूलतज्ज्ञापासून लपविता कामा नये. वरील सर्व बदल डॉक्टरांनी करावयाचे आहेत. रुग्णाने स्वतः गोळ्या बंद करून साखर चारशेवर नेल्याने प्रश्न सुटत नाही.

हृदयात स्टेंट बसविलेल्यांसाठी नियम अधिक कडक आहेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एखादी सौंदर्यासाठी थांबविणे म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका पत्करणे होय. म्हणून स्टेंटनंतर किमान सहा महिने व हृदयविकाराच्या झटक्यानंतर वर्षभर ऐच्छिक शस्त्रक्रिया टाळली जाते. सांधेदुखीवर कोठून तरी आणलेल्या, नाव नसलेल्या पुड्यांचाही उल्लेख रुग्णाने करावा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. ते साखर वाढविते, जखम भरू देत नाही आणि दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबविल्यास शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो.

लपविलेला आजार

एवढी माहिती असूनही घोटाळे होतात, कारण आजार सांगितलाच जात नाही. त्यामागे दोन भये असतात. एक, डॉक्टर नकार देतील. दुसरे, गावात कळेल. विवाहयोग्य मुलामुलींच्या घरात मधुमेहाचे नाव उच्चारले जात नाही, हे आपण सर्व जाणतो. त्यातच शस्त्रक्रियेचे पॅकेज ठरलेले, आगाऊ रक्कम भरलेली, मासिक हप्ते सुरू झालेले असतील तर तारीख पुढे ढकलण्याचे कोणाच्याच हिताचे राहत नाही. ना रुग्णाच्या, ना दवाखान्याच्या.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. गायक कान्ये वेस्ट यांच्या मातोश्री व इंग्रजीच्या प्राध्यापिका डोंडा वेस्ट यांचे नोव्हेंबर २००७ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी चरबीशोषण व स्तनांची शस्त्रक्रिया झाल्यावर दुसऱ्याच दिवशी निधन झाले. हृदयाच्या रोहिणीचा विकार आणि शस्त्रक्रियेनंतरचे अनेक घटक अशी कारणे शवचिकित्सेत नोंदविली गेली. त्यापूर्वी एका शल्यचिकित्सकाने, वैद्यकीय तपासणी करून तंदुरुस्तीचा दाखला आणल्याखेरीज शस्त्रक्रिया करण्यास असमर्थता दर्शविली होती; त्यानंतर त्या दुसरीकडे गेल्या. २००९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने त्यांच्या नावे कायदा केला. ऐच्छिक सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वी ३० दिवसांच्या आत शारीरिक तपासणी व लेखी अनुमती आवश्यक ठरली. मात्र ही तपासणी स्वतः शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरही करू शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हीच त्या कायद्यातील पळवाट आहे. ज्याचे उत्पन्न होकारावर अवलंबून आहे, त्याच्याकडेच नकाराचा अधिकार ठेवण्यात काही हशील नाही. मधुमेहाचा उपचार करणारा नेहमीचा डॉक्टर हाच या कामी योग्य होय.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये संमतीचा अर्थ स्पष्ट केला. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती दिल्यावर मिळालेली संमतीच खरी संमती ठरते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केशरोपण व सौंदर्यशस्त्रक्रियांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढून शल्यक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच त्या कराव्यात, चित्रफिती पाहून वा कार्यशाळेत बसून मिळविलेले ज्ञान पुरेसे नाही, असे बजावले. परंतु माहिती देण्याचे कर्तव्य डॉक्टरांचे असले तरी ती घेण्याची भाषा कोणती? कर्जत-खालापुरातील ठाकूर, कातकरी वा मराठी शाळेत शिकलेल्या गृहिणीसमोर इंग्रजीतील चार पानी संमतिपत्र ठेवून बोटाने सहीची जागा दाखविली जात असेल, तर न्यायालयाला अभिप्रेत असलेली संमती ती नव्हे.

खर्चाच्या बाजूचाही विचार अगोदर झाला पाहिजे. २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्यविम्यातील वगळण्याच्या बाबी प्रमाणित केल्या. त्यांत सौंदर्यशस्त्रक्रिया आहे. अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद तेवढा ठेवला आहे. आज महात्मा फुले जनआरोग्य योजना या नावाने ओळखली जाणारी राज्याची योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. भाजलेल्या रुग्णास तिचा आधार मिळतो. हौसेच्या शस्त्रक्रियेस मिळत नाही. दोन दिवसांचा ठरविलेला मुक्काम जंतुसंसर्गाने तीन आठवड्यांवर गेला तर तो खर्च घरातूनच करावा लागेल, हे गृहीत धरावे.

परतल्यानंतर

शस्त्रक्रिया शहरात होते; जखम भरते ती गावात. नेमका हाच भाग नियोजनातून सुटतो. सूज व मळमळ कमी करण्यासाठी अनेकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. त्याने व शरीरावरील ताणाने पहिले दोन-तीन दिवस साखर चढते. घरी आलेल्या रुग्णाला अशक्तपणा जाऊन अंगात शक्ती यावी म्हणून शिरा, खीर, नारळपाणी, फळांचा रस असा पाहुणचार सुरू होतो आणि साखर आणखी वाढते. या दिवसांत दिवसातून चार वेळा साखर मोजणे अवघड नाही. टाक्याभोवती पसरत जाणारी लाली, दुर्गंध, कातडीचा निळसर-काळा रंग, थंडी वाजून येणारा ताप, पोटरीत एका बाजूस आलेली सूज अथवा दम लागणे यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. वेदना नसली तरीही, हे पुन्हा सांगितले पाहिजे.

कोणते रुग्णालय, हा प्रश्न रात्री अकरा वाजता पडू नये. चौकच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांपुढे असा रुग्ण येतो तेव्हा बहुधा कोणतीही कागदपत्रे नसतात. काय काढले, काय घातले, कोणते प्रतिजैविक सुरू आहे, निचऱ्याची नळी केव्हा काढावयाची, यांपैकी काहीच त्यांना ठाऊक नसते. आणि रुग्णही संकोचाने 'पोटाचे ऑपरेशन' एवढेच सांगतो.

या संदर्भात डॉ. नोशीर अंतिया यांचे स्मरण होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील सुघटनशल्य विभागाची उभारणी करणारे, कुष्ठरुग्णांचे विरूप झालेले चेहरे व हात पुन्हा घडविणारे हे शल्यचिकित्सक १९७० च्या दशकात याच जिल्ह्यातील, अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात आले आणि अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्याची कामे शिकवू लागले. गावातील स्त्री काय काय करू शकते, हे त्या प्रयोगाने दाखविले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून प्रत्येक गावात आशा कार्यकर्ती आहे. बाळंतिणीच्या घरी ती जातेच. शहरातून टाके घालून आलेल्या मधुमेही रुग्णाच्या घरी तिसऱ्या, पाचव्या व दहाव्या दिवशी डोकावून साखर मोजणे व पट्टी ओली आहे काय ते पाहणे तिला कठीण नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया झाल्याचे तिला कळले पाहिजे. शहरातील रुग्णालयाने घरी सोडताना मराठीत एक पानभर टिपण द्यावे, त्यावर शस्त्रक्रियेचे नाव, दिलेली व थांबविलेली औषधे, मधुमेहाच्या गोळ्या पुन्हा केव्हा सुरू करावयाच्या ती तारीख आणि रात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक लिहावा, आणि त्याची एक प्रत रुग्णाच्या संमतीने गावच्या ग्रामीण रुग्णालयाकडे जावी.